रोमच्या प्रसिद्ध स्थळांपलीकडे : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रोमला पहिल्यांदा जाणारा प्रवासी बहुधा तीन दिवसांचा बेत आखतो आणि कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचे कारंजे, पँथियन व स्पॅनिश पायऱ्या एवढे पाहून पुढच्या शहराकडे निघतो. ही स्थळे पाहू नयेत असे मी कधीच म्हणणार नाही. ती प्रसिद्ध आहेत यामागे सबळ कारणे आहेत. परंतु तेवढ्यावर परतणाऱ्याला रोमची खरी ओळख होत नाही, कारण हे शहर निरनिराळ्या स्मारकांचा संग्रह नसून एकावर एक चढलेल्या काळाच्या थरांचे बनलेले आहे, आणि हे थर प्रसिद्ध चौकांतील गर्दीत उभे राहून दिसत नाहीत. आपल्या मुक्कामात प्रसिद्ध स्थळांनंतर आणखी तीन-चार दिवस काढता आले, तर ते कसे वापरावेत हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. क्रम मुद्दाम लावला आहे : आधी थर वाचायला शिकावे, मग वस्त्या पाहाव्यात आणि शेवटी शहराबाहेर पडावे.

पहिली पायरी : वार आणि वेळा जुळवून घेणे

रोममध्ये काय पाहायचे हे ठरवण्याआधी ते कोणत्या वारी पाहायचे हे ठरवावे लागते. बहुतेक संग्रहालये आणि ओस्तिया आंतिकासारखी उत्खननस्थळे सोमवारी बंद असतात. पुष्कळ चर्च दुपारी साधारण साडेबारा ते तीन-चारच्या दरम्यान दारे लावून घेतात. भूमिगत दफनस्थानांपैकी, म्हणजे ज्यांना कॅटकोंब म्हणतात त्यांपैकी, सान कालिस्तो बुधवारी, दोमितिल्ला मंगळवारी आणि सान सेबास्तियानो रविवारी बंद असते. सरकारी संग्रहालये व पुरातत्त्वस्थळे महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात. पैसे वाचतात हे खरे, पण त्या दिवशी गर्दीही तितकीच असते. निघण्याआधी प्रत्येक स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळा पुन्हा तपासाव्यात, कारण ऋतूनुसार त्या बदलतात.

शहरातील साधे तिकीट १०० मिनिटे चालते. या वेळात बस व ट्राम कितीही वेळा बदलता येतात, मात्र मेट्रोच्या स्थानकात एकदाच प्रवेश करता येतो. बँकेचे स्पर्शविरहित कार्ड यंत्राला टेकवूनही प्रवास होतो, पण प्रत्येक प्रवाशाजवळ स्वतंत्र कार्ड असावे लागते, हे जोडप्यांनी व कुटुंबांनी आधीच ध्यानात ठेवावे. सार्वजनिक वाहतुकीचे संप इटलीत नेहमी होतात, ते आधी जाहीर केले जातात आणि पुष्कळदा शुक्रवारी असतात. म्हणून लांबचा बेत शुक्रवारी ठेवू नये. पायांत जाड तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट असावेत. रोमच्या रस्त्यांवरील काळ्या दगडांचे चौकोनी ठोकळे दिसायला सुंदर असले, तरी नव्या बुटांना आणि चाकांच्या बॅगांना ते सोसत नाहीत.

दुसरी पायरी : थर वाचायला शिकणे

कोलोसियमपासून पाच-सात मिनिटे चालल्यावर सान क्लेमेन्ते हे चर्च लागते. बाहेरून ते अगदी साधे दिसते आणि म्हणूनच बहुतेक जण त्याच्यासमोरून निघून जातात. माझा आग्रह असा की, रोममधील आपले पहिले खरे दर्शन हेच असावे, कारण शहर कसे रचले गेले आहे याचा संपूर्ण धडा एका जिन्यात येथे मिळतो.

रस्त्याच्या पातळीवरचे चर्च बाराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. त्याच्या वेदीमागील अर्धगोल छतावर मोझेकचे सोनेरी चित्र आहे, ज्यात क्रूसाच्या पायथ्यापासून हिरव्या वेलींची वेटोळी सगळीकडे पसरलेली दिसतात. १८५७ मध्ये येथील आयरिश डोमिनिकन धर्मगुरू जोसेफ मलूली यांनी जमिनीखाली खणायला सुरुवात केली आणि त्यांना खाली आणखी एक चर्च सापडले, जे चौथ्या शतकातले होते. या खालच्या चर्चमध्ये अकराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. त्यांतील एका चित्रात पात्रांच्या तोंडचे शब्द त्यांच्या शेजारीच लिहिलेले असून ते लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत आहेत; इटालियन भाषेच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांत त्यांची गणना होते. ज्ञानेश्वरीच्याही आधी कोरलेल्या शिलालेखांतून मराठीचा माग काढण्याची सवय असलेल्या वाचकाने येथे दोन मिनिटे जास्त थांबावे.

आणखी एक जिना उतरला की पहिल्या शतकातील रोमन इमारती येतात, त्यांच्यामधली अरुंद गल्ली येते आणि शेवटी मिथ्र देवाचे गुहेसारखे मंदिर येते. दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मध्ये वेदी आणि वेदीवर बैलाचा बळी देणारा मिथ्र. इराणमार्गे रोमन सैनिकांपर्यंत पोचलेल्या या देवाचे नाव आपल्या वैदिक मित्राच्या नावाशी एकाच मुळातून आलेले आहे. याच तळघरात कोठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत राहतो. वरच्या चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, खाली उतरण्यासाठी तिकीट घ्यावे लागते. खाली उन्हाळ्यातही गारवा असतो आणि पायऱ्या ओलसर असू शकतात, म्हणून वृद्धांनी सोबत घेऊन उतरावे.

हा धडा पक्का करण्यासाठी त्याच दिवशी सान जोव्हान्नी या मेट्रो स्थानकात जावे. तेथील सी मार्गिकेचे स्थानक २०१८ मध्ये सुरू झाले. ते खणताना निघालेल्या वस्तू स्थानकातच मांडल्या आहेत आणि खाली उतरताना आपण कोणत्या शतकात पोचलो हे भिंतींवर लिहिलेले दिसते. रोमन काळात येथे मोठी शेती होती. त्या शेतातील पीचच्या बियासुद्धा सापडल्या. मेट्रोच्या तिकिटाशिवाय येथे दुसरा खर्च नाही.

तिसरी पायरी : चर्चमधील चित्रे, आणि जुनी ज्यू वस्ती

रोममधील काही सर्वश्रेष्ठ चित्रे संग्रहालयात नसून ज्या चर्चसाठी ती काढली गेली तेथेच टांगलेली आहेत. इटालियन चित्रकार काराव्हाज्यो याची सहा चित्रे अशा रीतीने पाहता येतात : सान लुईजी देई फ्रांचेझीमध्ये तीन, सांता मारिया देल पोपोलोमध्ये दोन आणि सांत’आगोस्तिनोमध्ये एक. सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकाजवळच्या गल्लीतील सांता प्रासेदे चर्चमध्ये नवव्या शतकातील मोझेक आहेत. तेथील संत झेनोचे लहानसे प्रार्थनागृह छतापासून भिंतींपर्यंत सोनेरी तुकड्यांनी मढवलेले आहे. अशा ठिकाणी बरेचदा अंधार असतो आणि दिवा लावण्यासाठी यंत्रात नाणे टाकावे लागते, म्हणून खिशात सुटी नाणी ठेवावीत. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, आणि प्रार्थना चालू असेल तर फिरणे थांबवून मागच्या बाकावर बसावे; आपल्या देवळात आरती चालू असताना कोणी छायाचित्रे काढत फिरले तर आपल्याला कसे वाटेल, एवढे मनात आणले की पुरे.

तेथून नदीकडे येताना जुनी ज्यू वस्ती लागते. १५५५ मध्ये पोप चौथा पॉल याने ज्यूंना तटबंदीच्या आत कोंडले आणि त्यांच्यावरची बंधने १८७० पर्यंत पूर्णपणे उठली नाहीत. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी जर्मन सैन्याने येथून व शहराच्या इतर भागांतून पकडलेल्या हजाराहून अधिक ज्यूंना आउश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवले. त्यांतले १६ जण परत आले. घरांच्या उंबऱ्यांपुढे रस्त्यात बसवलेल्या लहान पितळी चौकोनांवर तेथून नेल्या गेलेल्या माणसाचे नाव, जन्मवर्ष आणि मृत्यूचे ठिकाण कोरलेले असते. येथे खाली पाहत चालावे आणि नावे वाचावीत.

चौथी पायरी : पिरामिदे स्थानकाभोवतीचा एक पूर्ण दिवस

एकाच दिवसात नेहमीच्या वाटेबाहेरचे रोम पाहायचे असेल, तर मी मेट्रोच्या बी मार्गिकेवरील पिरामिदे हे स्थानक सुचवीन. या स्थानकाभोवती दीड-दोन किलोमीटरच्या परिसरात इतके काही आहे की दिवस अपुरा पडतो.

स्थानकातून बाहेर पडताच समोर खराखुरा पिरॅमिड दिसतो. गायुस सेस्तियुस या रोमन अधिकाऱ्याची ही कबर इसवी सनापूर्वी १८ ते १२ या काळातली असून सुमारे ३६ मीटर उंच आहे, आणि ती ३३० दिवसांत पूर्ण झाल्याचे तिच्यावरच कोरलेले आहे. इजिप्त जिंकल्यानंतर रोममध्ये तिकडच्या वस्तूंची जी आवड निर्माण झाली, तिची ही खूण आहे. पुढे तिसऱ्या शतकात सम्राट ऑरेलियनने शहराचा तट बांधला तेव्हा हा पिरॅमिड तटातच सामावून घेतला गेला, आणि म्हणूनच तो टिकला.

पिरॅमिडच्या मागे कॅथलिकेतर लोकांची दफनभूमी आहे. सरूंच्या सावलीतील ही जागा संपूर्ण रोममध्ये मला सर्वांत शांत वाटते. इंग्रज कवी कीट्स १८२१ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रोममध्ये वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या थडग्यावर त्याचे नाव नाही. दुसरा इंग्रज कवी शेली याच्या अस्थी तटालगतच्या चढावर आहेत आणि इटालियन विचारवंत अंतोनियो ग्राम्शी यांची समाधीही येथेच आहे. प्रवेशासाठी तिकीट नाही, पण दारातील पेटीत काही देणगी टाकावी. या जागेची निगा अशा देणग्यांवरच बरीच अवलंबून आहे.

तेथून दहा मिनिटांवर मोंते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे, आणि ती पूर्णपणे खापरांची आहे. लॅटिनमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे खापर, त्यावरून टेकडीला व वस्तीला हे नाव पडले. स्पेन व उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्हचे तेल ॲम्फोरा नावाच्या मोठ्या मातीच्या रांजणांतून नदीकाठच्या धक्क्यावर येई. एका रांजणात सुमारे ७० लिटर तेल मावे. तेल मुरलेले रांजण पुन्हा वापरता येत नसत, म्हणून ते फोडून येथे व्यवस्थित रचले जात आणि कुजट वास येऊ नये म्हणून वर चुना टाकला जाई. अशा ५ कोटींहून अधिक रांजणांची खापरे येथे असावीत असा अंदाज आहे. वजन, व्यापारी व वर्ष यांच्या नोंदी शाईने रांजणांवरच लिहिलेल्या असल्यामुळे ही कचऱ्याची टेकडी म्हणजे रोमच्या आयात-व्यापाराचे दप्तर ठरले. टेकडीवर चढण्यासाठी आधी परवानगीने वेळ घ्यावा लागतो. पण पायथ्याशी टेकडी पोखरून थाटलेल्या काही उपाहारगृहांत काचेमागे खापरांचे थर दिसतात. अशाच भूमध्यसागरी रांजणांची खापरे आपल्याकडे नेवासे व घारापुरी येथेही मिळाली आहेत, हे ठाऊक असलेला मराठी प्रवासी या टेकडीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहील.

तेस्ताच्चोच्या मंडईत दुपारचे जेवण करावे. शाकाहारी वाचकांसाठी येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ही वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७५ पर्यंत शहराच्या कत्तलखान्याची होती आणि तेथील पारंपरिक पाककृती जनावरांच्या आतड्या-काळजांच्या आहेत, त्यामुळे नावावरून पदार्थ मागवू नये. तळलेला भाताचा गोळा, ज्याला सुप्पली म्हणतात, त्यात परंपरेने मांसाचा रस्सा असतो. चीज व मिरी घातलेला काच्यो ए पेपे हा पास्ता वरवर शाकाहारी आहे, पण त्यातील पेकोरीनो रोमानो चीज कोकराच्या पोटातील विरजणापासून बनते. जे याबाबत काटेकोर आहेत त्यांनी तो टाळावा. पुंतारेल्ले या हिरव्या कोशिंबिरीत लहान मासे वाटून घातलेले असतात. याउलट टोमॅटोचा किंवा नुसत्या मिठा-तेलाचा पिझ्झा, जो कापून वजनावर विकतात, तो निर्धास्त खाता येतो, आणि तळलेले अख्खे आर्टिचोक तर जरूर खावे. ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे चार शब्द पाठ करावेत. कॉफी मात्र काउंटरपाशी उभ्यानेच घ्यावी. टेबलाशी बसल्यास दर पुष्कळदा वाढतो.

जेवणानंतर ओस्तिएन्से रस्त्याने चेंत्राले मोंतेमार्तिनी येथे जावे. हे १९१२ मध्ये सुरू झालेले शहराचे वीजकेंद्र होते. १९९७ मध्ये कापितोलिनी संग्रहालयाची डागडुजी चालू असताना तेथील प्राचीन मूर्ती तात्पुरत्या येथे आणल्या गेल्या आणि हा प्रयोग इतका यशस्वी झाला की तो कायमचा करण्यात आला. काळ्या अजस्र डिझेल इंजिनांसमोर पांढऱ्या संगमरवरी देवता उभ्या आहेत. दोन्ही हातांत पूर्वजांची मस्तके घेतलेला टोगाधारी, म्हणजे अंगाभोवती लांब वस्त्र गुंडाळलेला, रोमन गृहस्थ येथेच भेटतो. मोठ्या संग्रहालयांत मूर्तीपुढे उभे राहायला जागा मिळत नाही; येथे बहुधा पूर्ण दालन आपल्याला एकट्याला मिळते.

संध्याकाळी गार्बातेल्ला या वस्तीत शिरावे. तिची पायाभरणी १८ फेब्रुवारी १९२० रोजी झाली. कामगारांसाठी बांधलेली ही सार्वजनिक घरे सामायिक अंगणांभोवती रचलेली आहेत. अंगणात झाडे, बाक आणि कपडे वाळवायच्या दोऱ्या. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला येथे काही समजावून सांगावे लागत नाही. पुष्कळ अंगणांची फाटके उघडी असतात, परंतु ती लोकांची घरे आहेत. हळू आवाजात बोलावे, खिडक्यांची व मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि समोर कोणी आले तर ‘बुओना सेरा’ म्हणावे.

पाचवी पायरी : रविवारचा आप्पिया मार्ग

इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये आप्पियुस क्लॉडियस या रोमन अधिकाऱ्याने सुरू केलेला हा राजमार्ग रोमहून कापुआला आणि पुढे ब्रिंदिसी बंदरापर्यंत गेला. गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचे बंड मोडल्यावर इसवी सनापूर्वी ७१ मध्ये सुमारे ६,००० बंदी गुलामांना याच रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवण्यात आले. जुलै २०२४ मध्ये या मार्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि तो निर्णय ज्या बैठकीत झाला ती नवी दिल्लीत भरली होती.

येथे रविवारीच जावे, कारण त्या दिवशी जुन्या मार्गावर खासगी वाहनांना बंदी असते. दुसऱ्या वारी जावेच लागले, तर सान सेबास्तियानो वेशीपासून पायी निघण्याचा मोह टाळावा. तो पहिला भाग अरुंद आहे, त्याला पदपथ नाही आणि गाड्या अगदी अंगावरून जातात. ११८ किंवा २१८ क्रमांकाच्या बसने कॅटकोंबपर्यंत जावे. रविवारी सान कालिस्तो व दोमितिल्ला उघडी असतात. आत वाटाड्याबरोबरच जाता येते. नंतर चेचीलिया मेतेल्ला या रोमन स्त्रीच्या गोल समाधीच्या पुढे चालत राहावे. बहुतेक लोक समाधीपाशीच माघारी फिरतात, पण खरा आप्पिया मार्ग तिच्यापुढे सुरू होतो : दोन्ही बाजूंना छत्रीसारखे पाइन, पडक्या समाध्या आणि चाकांनी झिजलेले मूळ काळे दगड. उद्यानाच्या कार्यालयात भाड्याने सायकली मिळतात, मात्र या दगडांवर सायकल चालवणे पाठदुखी असणाऱ्यांना जमणार नाही.

सहावी पायरी : पाण्याची वाट

मेट्रोच्या ए मार्गिकेने जुल्यो आग्रीकोला स्थानकावर उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की पार्को देल्ली आक्वेदोत्ती हे मोकळे उद्यान येते. सम्राट कालिगुलाने इ. स. ३८ मध्ये सुरू केलेल्या आणि सम्राट क्लॉडियसने ५२ मध्ये पूर्ण केलेल्या आक्वा क्लाउदिया या जलवाहिनीच्या उंच कमानी येथे शेतातून रांगेने जातात. ६९ किलोमीटरवरून पाणी आणताना पंप नव्हता, नुसता उतार होता. तो उतार टिकवण्यासाठीच या कमानी. सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचावे. तिकीट नाही, दार नाही, आणि आसपासचे रहिवासी कुत्री घेऊन फिरायला आलेले असतात.

शहरात पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज नसते. नासोने म्हणजे ‘मोठे नाक’ या नावाचे सुमारे २,५०० लोखंडी नळ रस्तोरस्ती अखंड वाहतात. ते १८७० च्या दशकापासून बसवले गेले. पाणी पिण्याजोगे व थंड असते. तोटीचे टोक बोटाने दाबले की वरच्या लहान छिद्रातून धार उसळते आणि न वाकता पिता येते.

सातवी पायरी : ओस्तिया आंतिका

हा अर्ध्या दिवसाचा बेत वाटतो, पण पूर्ण दिवस ठेवावा. पिरामिदेला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून शहराच्या नेहमीच्या तिकिटावर गाडी मिळते आणि सुमारे अर्ध्या तासात ओस्तिया आंतिकाला पोचते. उतरल्यावर पादचारी पूल ओलांडून थोडे चालायचे, की रोमचे प्राचीन बंदर येते. नदीच्या गाळाने समुद्र दूर सरकला आणि शहर ओस पडले.

येथे राजवाडे नाहीत. भाड्याची बहुमजली घरे, पिठाच्या चक्क्या, स्नानगृहे, सार्वजनिक शौचालयाचे संगमरवरी आसन आणि दगडी काउंटर असलेले खाण्याचे दुकान आहे. नाट्यगृहामागील चौकात जहाजवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांच्या रांगा आहेत. प्रत्येक कचेरीपुढे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या मोझेकची पाटी आहे : कोठे जहाज, कोठे दीपस्तंभ, कोठे हत्ती. येथे घाई करू नये. ज्या शतकांत हे बंदर गजबजलेले होते, त्याच शतकांत आपल्या किनाऱ्यावरून मिरी, कापड व मौल्यवान दगड ॲलेक्झांड्रियामार्गे रोमकडे जात होते. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या वर्णनात सोपारा, कल्याण, पैठण व तेर यांची नावे येतात, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती त्याच देवाणघेवाणीतून आली.

सावली फारच थोडी आहे, म्हणून टोपी, पाणी आणि थोडा खाऊ बरोबर घ्यावा. प्रवेशद्वारापासून सरळ जाणाऱ्या मुख्य रस्त्याने आधी शेवटपर्यंत चालत जावे आणि परतताना आडगल्ल्या पाहाव्यात, म्हणजे थकल्यावर दार जवळ येत गेलेले असते. परतीचे तिकीट सकाळीच घेऊन ठेवावे, म्हणजे संध्याकाळी त्या लहान स्थानकावर खटपट करावी लागत नाही.